पेरूचं कॉकटेल, एकादशीच्या आदल्या दिवशी

काम साधं होतं. शरद ऋतूत घरी करता येईल असं एक कॉकटेल सुचवायचं, ते स्वतः करून पाहायचं, करतानाचे आणि झाल्यावरचे फोटो काढायचे आणि सोबत सहाशे शब्द लिहायचे. फोटोत घर घरासारखं दिसलं पाहिजे. बाटलीचं लेबल मात्र दिसता कामा नये. काम देणारी कंपनी खाण्यापिण्याच्या वेबसाइटना मजकूर पुरवते. तिथल्या संपादक मुलीला मी कधी पाहिलेलं नाही. ती मूळची नाशिकची, गुडगावहून बोलते आणि मला सर म्हणते.

“सर, ऑटमचा फील पाहिजे,” ती फोनवर म्हणाली. “सफरचंद, दालचिनी, पिवळी पानं, असं काहीतरी.”

“आमच्याकडे पिवळी पानं नसतात. ऑक्टोबर हीट असते.”

“मग फळं कुठली असतात?”

“पेरू असतात.”

“चालेल ना. पेरू क्यूट आहे. फक्त डार्क रम हवी सर. क्लायंटचं तसं आहे.”

यापूर्वी दोनदा मी अशा कामाला बगल दिली होती. उन्हाळ्यात कॉकटेलऐवजी कोकमाचं सरबत दिलं, पावसाळ्यात गवती चहाचा काढा. दोन्ही वेळा तिनं सांभाळून घेतलं. तिसऱ्यांदा नाही म्हणणाऱ्याला पुढचं काम येत नाही, हे तिनं सांगितलं नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मी पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिकानं पिंपरी-चिंचवडची स्वतंत्र पानं बंद करून मजकूर मुख्य अंकात घेतला. ती पानं लावणारी माणसं मुख्य अंकात घ्यायला जागा नव्हती. तेव्हापासून मी घरून लिहितो.

अडचण रमची नव्हती. अडचण घराची होती. घरात दादा असतात. वडिलांना आम्ही दादा म्हणतो.

दादा तरुणपणी बीडकडून पिंपरीत आले, एका कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं ते प्यायचे. आधी पगाराच्या दिवशी, मग आठवड्याच्या सुट्टीला, मग रोज. मी दहावीत असताना त्यांनी देहूला जाऊन तुळशीची माळ घातली. माळ घातली की मटण आणि दारू बंद. ते जमलं नाही तर माळ गळ्यात ठेवायची नसते, उतरवायची असते. त्यांच्याबरोबर त्याच दिवशी माळ घातलेल्या खात्यातल्या दोघांनी ती पुढे उतरवली. दादांनी उतरवली नाही. पण दारू सुटली असं ते कधी म्हणत नाहीत. “थांबलीय,” म्हणतात.

लग्नाच्या हॉलबाहेर कुणाच्या गाडीच्या डिकीपाशी चारपाच जण घोळक्यानं उभे दिसले, की दादा लांबून वळसा घालतात. चिखलीत आमच्या बिल्डिंगकडे येणाऱ्या रस्त्यावर बिअर शॉपी सुरू झाली, तेव्हापासून ते मागच्या कच्च्या रस्त्यानं ये-जा करतात. पावसाळ्यात तिथे घोटाभर चिखल असतो. विचारलं तर सांगतात, तेवढंच चालणं होतं.

या माणसाच्या घरात रमची बाटली उघडायची होती. त्यांनी एक घोट घेतला तर काय होईल यावर आमच्या घरात कधी चर्चा झालेली नाही. त्या वर्षांत आम्ही राहिलेलो आहोत, चर्चेची गरज नव्हती.

बायको चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. ती त्या वर्षांत आमच्या घरात नव्हती, त्यामुळे तिला गोष्टी सोप्या वाटतात.

“त्यांना सरळ सांग,” ती म्हणाली.

“काय सांगू? घरात रम आणतोय, तुम्ही लक्ष देऊ नका?”

“हो. असंच.”

“आणि ते चालेल म्हणाले तर?”

“म्हणतीलच. तुला कधी नाही म्हणालेत का ते?”

“तीच तर अडचण आहे.”

“मग दुसरीकडे जाऊन कर.”

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे आम्ही दोघांनी बसून पाहिलं. डेस्कवरचा एक मित्र दापोडीला राहतो. त्याच्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं आहेत, आणि त्यातली एक त्याची सासू. आमच्या खालच्या मजल्यावर स्पेअर पार्टचे व्यापारी राहतात. माणसं जवळची आहेत, ईदला आमच्याकडे शीरखुर्मा येतो. त्यांच्या ओट्यावर मी रम घेऊन उभा आहे ही कल्पना बायकोला इतकी आवडली, की पुढचे दोन दिवस ती मला त्यावरून छळत होती.

“जा की,” भाजी चिरता चिरता ती म्हणायची. “चाचींना म्हणावं, जरा बर्फ फोडून देता का. नाही म्हणणार नाहीत, पाहुणचार आहे.”

शेवटी उपाय कॅलेंडरनं सुचवला. दादा दर एकादशीला देहूला जातात. सकाळी अंघोळ करून, काही न खाता बस धरतात, इंद्रायणीच्या घाटावर आणि देवळात दिवस काढतात आणि दिवेलागणीला परत येतात. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात गुरुवारच्या चौकटीत एकादशी होती. मजकूर द्यायची मुदत गुरुवारी संध्याकाळची होती. मी संपादक मुलीला होकार कळवला.

बाटली आदल्या दिवशी संध्याकाळी भोसरीतून आणली. चिखलीतून घेतली असती तर कुणीतरी पाहिलं असतं. ती घरात कुठे ठेवायची हा पुढचा प्रश्न. या विषयातलं माझं शिक्षण उलट्या बाजूनं झालेलं आहे. आई मला बाटली शोधायला लावायची. पिठाच्या डब्यात, गादीच्या खोळीत, संडासाच्या टाकीत, पाण्याच्या पिंपामागे, कोळशाच्या पोत्यात. देवघरामागे कधी सापडली नाही, तेवढं दादा पाळायचे. आता मी एकेक जागा मनात धरून पाहिली आणि एकेक बाद केली, कारण त्या जागा वापरलेला माणूस हॉलमध्ये टीव्हीवर बातम्या पाहत होता. बाटली जुन्या स्वेटरात गुंडाळून आमच्या बेडरूमच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

गुरुवारी उजाडायच्या आत बायको कंपनीच्या बससाठी गेली. मी उठून बाहेर आलो तेव्हा दादा अंघोळ करून बसले होते. पुढ्यात ताटली होती. ताटलीत कालची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

“दादा, आज एकादशी ना?”

“उद्या हाय.”

“कॅलेंडरवर आजची आहे.”

“ती स्मार्त. आपली भागवत.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “वारकऱ्याची उद्या.”

मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. गुरुवारच्या चौकटीत ‘स्मार्त एकादशी’ असं बारीक टाइपात होतं आणि शुक्रवारच्या चौकटीत तितक्याच बारीक टाइपात ‘भागवत एकादशी’. वर्षातून काही वेळा असं होतं. पहाटे दशमी थोडी उरलेली असेल तर वारकरी त्या दिवशीची एकादशी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशीची धरतात. हे मला माहीत होतं. दादा गेली कितीतरी वर्षं हेच पाळत आलेले मी पाहिलं होतं. मी एकादशी हा शब्द वाचला आणि त्याच्या आधीचा वाचला नाही. बारीक टाइप तपासण्याचाच मला इतकी वर्षं पगार मिळत होता.

संपादक मुलीला फोन करून मुदत वाढवून मागितली. ती म्हणाली, “सर, प्लीज. आज रात्री लाइव्ह जातंय.”

गुरुवार हा आमच्या भागात शांत दिवस असतो. खिडकीखालच्या गल्लीत वर्कशॉपची रांग आहे. एरवी दिवसभर प्रेसचे ठोके आणि ग्राइंडरचा आवाज वर येतो, त्या आवाजात घरातलं बोलणंही ओरडून करावं लागतं. गुरुवारी त्यांची सुट्टी. दुपारी बरेचदा दुरुस्तीसाठी वीजही जाते. म्हणजे त्या दिवशी घरात चमचा पडला तरी सगळीकडे ऐकू जातो.

मी ठरवलं, रमपर्यंतचं काम करून घ्यावं. रम घालेपर्यंत कॉकटेल हे सरबतच असतं. पिकलेले, आतून गुलाबी पेरू आणले होते. दादांनी विळी पुढे ओढली आणि न सांगता फोडी करायला घेतल्या.

“एवढे कशाला?”

“फोटोला लागतात.”

“सरबताचे?”

“तसंच काहीतरी.”

पेरू थोड्या पाण्यात उकडले, चाळणीतून गाळले, बिया काढल्या. दुसऱ्या पातेल्यात गूळ, पाणी आणि सुंठ घालून पाक केला. लिंबं पिळली. दादांनी वाटीत थोडा गर घेतला, त्यात पाक मिसळला, चव घेतली आणि म्हणाले, “तिखटमीठ पाहिजे. पेरूला तिखटमीठ नसलं तर दवाखान्यातल्यासारखं लागतं.” ते बरोबर होतं. पेल्याच्या काठाला लिंबू फिरवून तिखटमीठ लावायचं ठरवलं. इथपर्यंतचे फोटोही चांगले आले. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

दादा हॉलमधल्या दिवाणावर बसले. दिवाणावरून स्वयंपाकघराचा ओटा दिसतो, बेडरूमचं दार दिसतं आणि बाहेरचं दार दिसतं. हॉल एवढाच आहे. मी लॅपटॉप उघडून बसलो आणि पहिला परिच्छेद तीन वेळा लिहिला.

“आज कट्ट्यावर नाही जायचं का?” थोड्या वेळानं मी विचारलं. पार्किंगशेजारच्या कट्ट्यावर त्यांच्या वयाची माणसं बसतात.

“ऊन बघितलंस का.”

“दुपारी जाल?”

“बघू.”

जेवणं झाली. ते आडवे होतील असं वाटलं. झाले नाहीत. मी म्हटलं, बर्फ आणायला हवा, खालच्या डेअरीतून आणता का. दादांनी माझ्याकडे पाहिलं.

“बर्फ फ्रिजमधी हाय. मीच लावलाय सकाळी, तू म्हनलास म्हनून.”

“तो कमी पडेल.”

“मला बाहेर घालवायलास तू.”

मी लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

“कपाटात ठेवलीस ना? वरच्या फळीला.”

“तुम्ही पाहिलीत?”

“न्हाई. पाहिली असती तर हितं बसलो नसतो.” ते खिडकीकडे पाहत बोलत होते. “काल संध्याकाळी कपाट उघडलंस तवा ऐकलं. कपड्यात गुंडाळली तरी काच फळीला टेकती. तो आवाज मला झोपेतबी कळतो. रात्रभर कळत होता.”

मग मी सगळं सांगितलं. काम काय आहे, कुणाचं आहे, मुदत कधीची आहे, मी एकादशी कशी चुकलो. ते ऐकत होते. एकादशीच्या ठिकाणी त्यांना थोडं हसू आलं.

“पेपरवाला हायस न्हवं तू?”

“आत्ता फोन करून नाही म्हणून सांगतो,” मी म्हटलं.

“न्हाई म्हनू नको.”

“दुसरं काम मिळेल.”

“मिळंल की न्हाई ते तुला म्हाईत. पन माझ्यामुळं गेलं असं व्हईल.”

“मी तसं कधीच म्हणणार नाही, दादा.”

“तू न्हाई म्हननार. मला वाटंल. मग ते डोक्यात घेऊन मी हितंच बसायचं. त्यापरीस कर तू. उरकून टाक.”

“मग तासभर खाली जाऊन बसा.”

त्यांनी मान हलवली. “आज खाली नगं. रात्रभर डोक्यात तेच हाय. खाली गेलो तर पाय कुन्या रस्त्यानं जातील, आज मला भरोसा न्हाई.” ते उठले. “मी आत बसतो. तू बाहेरून कडी लाव.”

हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं नव्हतं, फक्त मला पहिल्यांदा सांगितलं. माळ घातल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात आम्ही पिंपरीत चाळीत राहत होतो. पगाराच्या दिवशी दादा कारखान्यातून थेट घरी येत, आईला कडी लावायला सांगत आणि आत बसत. आई बाहेर पायरीवर तांदूळ निवडत बसायची. कुणी विचारलं तर सांगायची, नाइट करून आलेत, झोपलेत. चाळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. कुणी पुढे विचारत नसे. कडी आतून काढता येत नाही, एवढाच त्याचा उपयोग होता, आणि तेवढा पुरत होता. आई आता नाही. या फ्लॅटमध्ये आल्यापासून कडीची गरज पडलेली नव्हती. बिल्डरनं मात्र प्रत्येक दाराला दोन्ही बाजूंनी ती बसवून दिली आहे.

आधी बाटली बेडरूममधून बाहेर काढावी लागणार होती. दादा बाल्कनीकडे तोंड करून उभे राहिले. मी स्वेटरासकट बाटली नेऊन ओट्यावर ठेवली आणि “आणली” म्हटलं. ते भिंतीच्या कडेनं, ओट्याकडे न पाहता बेडरूममध्ये गेले. पाण्याचा तांब्या घेऊन गेले. मी दार लावलं आणि कडी घातली.

आतून त्यांनी दार एकदा ओढून पाहिलं. बसली आहे याची खात्री केली असावी.

टेबल खिडकीपाशी ओढलं, मागे निळी चादर लावली. बूच फिरवलं तेव्हा वास पसरला. रम उसाच्या मळीपासून करतात, तिच्या वासाला गुळाची एक बाजू असते. मी सहाशे शब्दांत नंतर असं लिहिलं, की गुळाचा पाक आणि रम यांचं मूळ एकच असल्यामुळे ती जोडी स्वाभाविक आहे. ते खरं आहे. घरात सकाळपासून गुळाचा वास होताच. आता तो दुसराच झाला.

शेकर नव्हता. स्टीलचा फिरकीच्या झाकणाचा डबा घेतला. पेरूचा गर, पाक, लिंबू, मोजून रम, बर्फ. झाकण लावून हलवलं. गल्ली बंद, वर्कशॉप बंद, आणि डब्यातल्या बर्फाचा आवाज घरभर. मी थांबलो. टॉवेलात गुंडाळून पुन्हा हलवलं.

“हलव की नीट,” आतून दादा म्हणाले. “ऐकू येतंयच.”

पहिला पेला ओतला आणि वीज गेली. पंखे थांबले. बेडरूमची खिडकी पश्चिमेला आहे, त्या खोलीत दुपारनंतर थांबवत नाही. मी दारापाशी गेलो.

“दादा, वीज गेली. उघडू का?”

“झालं का तुझं?”

“नाही.”

“मग कशाला उघडतूस.”

उजेड खिडकीतून येत होता तेवढ्यावर फोटो काढायचे होते. पेरूचा गर जड असतो, पेल्यात खाली बसतो आणि वर तपकिरी पाणी राहतं. फोटोत ते गढूळ दिसत होतं. बर्फ वितळत होता. पहिला पेला मोरीत ओतला, तर वास मोरीतून वर आला आणि पंखा नसल्यामुळे तिथेच राहिला. मी ओला टॉवेल दाराखालच्या फटीला लावला.

“ते काढ,” दादा म्हणाले. “हवा यायची बंद झाली.”

काढला. त्यांच्यापर्यंत हवा आणि वास एकाच फटीतून जात होते. त्यातलं एकच थांबवता येत नव्हतं.

गर पुन्हा गाळून दुसरा पेला केला, तो बरा झाला. काठाला तिखटमीठ, वर पेरूची पातळ चकती. आत दादा हळू आवाजात अभंग म्हणत होते. मध्येच आवाज थांबला. मी कॅमेरा खाली ठेवला.

“दादा?”

“हाय.”

पुन्हा म्हणायला लागले.

ओतताना हात दिसला पाहिजे, अशी एक अट होती. एका हातानं डबा ओतायचा आणि दुसऱ्या हातानं बटण दाबायचं, हे जमेना. त्यातच बायको आली. पहिली शिफ्ट सुटल्यावर ती चारच्या सुमाराला घरी पोचते. तिनं आपल्या किल्लीनं दार उघडलं, बॅग ठेवली, टेबलाकडे पाहिलं, मग बेडरूमच्या दाराकडे.

“आत कोण आहे?”

“दादा.”

“देहूला नाही गेले?”

“त्यांची एकादशी उद्या आहे.”

ती सरळ गेली आणि कडी काढली. दार अर्धं उघडलं. दादा पलंगाच्या कडेला बसले होते. बनियन अंगाला चिकटलं होतं, माळेखालची कातडी लाल झाली होती. त्यांनी वर पाहिलं नाही.

“दादा, बाहेर या. किती उकडतंय आत.”

“लाव ती, पोरी.”

“अहो, पण कुणी माणसाला असं कोंडून...”

“मीच सांगितलंय. लाव. हितून टेबल दिसायलंय.”

बायकोनं मागे वळून पाहिलं. पलंगापासून टेबलापर्यंत सरळ रेष होती. पेल्यातल्या बर्फावर खिडकीतलं ऊन पडलं होतं, त्याच फोटोसाठी मी तो तिथे ठेवला होता. ती थोडा वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

“लाव,” ती आतून म्हणाली.

मी कडी घातली.

नंतरचं काम लवकर झालं. कॅमेरा टायमरवर लावला, हात दिसला, लेबल दिसलं नाही. काम करता करता आतलं बोलणं ऐकू येत होतं.

“दादा, चव कशी असते हो? मी कधी घेतली नाही.”

“रमची? पहिल्यांदा वाईट.”

“आणि नंतर?”

“नंतर चवीचा संबंध न्हाई.” मग ते म्हणाले, “त्याला विचार. त्यो सहाशे शब्द लिहायलाय.”

ती हसली. दादा हसले की नाही, दाराबाहेरून कळलं नाही.

फोटो झाल्यावर पेला ओतून दिला, उरलेली रम संडासात ओतून भरपूर पाणी टाकलं, बाटली धुतली, कागदात गुंडाळली. आत सांगितलं की खाली कचऱ्यात टाकून येतो, कडी काढून जातो. बायको म्हणाली, “दादा म्हणतायत राहू दे.” मी दोघांना कडीआड ठेवून खाली गेलो. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या चाची भेटल्या. घरी सगळे ठीक का, म्हणाल्या. ठीक, म्हटलं.

वर येऊन मोरी घासली, ओटा पुसला, फिनेलनं फरशी पुसली, सगळ्या खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली. मग बेडरूमच्या दाराला पाठ टेकून जमिनीवर बसलो. लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत मजकूर संपवला आणि फोटोंसकट पाठवून दिला.

“झालं,” मी म्हटलं. “उघडतो.”

“वास हाय अजून,” दादा म्हणाले.

“मला तर फक्त फिनेलचा येतोय,” बायको म्हणाली.

“तुला न्हाई यायचा.”

आम्ही थांबलो. ते आत, मी बाहेर. फोन वाजला. संपादक मुलीचा मेसेज होता.

“काय म्हनली?” दादांनी विचारलं.

“आवडलं म्हणते. हिवाळ्याचंही मलाच करायला सांगितलंय.”

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कधी?”

“डिसेंबरात.”

“बरं,” दादा म्हणाले. “तवा आत एक हातपंखा ठेवत जा.”

 वीज अजून आली नव्हती, पंखे बंदच होते. मी उठून कडीवर हात ठेवला आणि विचारलं, उघडू का. दादांनी दाराच्या फटीपाशी वास घेतल्याचं ऐकू आलं. अजून हाय, म्हणाले.

मी पुन्हा खाली बसलो.